अंथरूण ओलं होतं, म्हणून मणक्याचा एमआरआय?

प्रश्न : माझा मुलगा साडेसात वर्षांचा आहे. रात्री अंथरुणात शू करतो, एकही रात्र कधी कोरडी गेलेली नाही. दिवसा काहीच त्रास नाही. शी मात्र दोन-तीन दिवसांनी, तीही कडक. सासूबाई म्हणतात, ह्याचे बाबाही नऊ वर्षांचे होईपर्यंत असेच होते. कमरेचा एक्स-रे काढला तर 'स्पायना बायफिडा ऑकल्टा, एस-१' असा रिपोर्ट आला. आता भूल देऊन एमआरआय करायचं चाललंय. करावा का?
— एक आई, सातारा

उत्तर : तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून तरी, नको. मात्र आधी कुणीतरी त्याची पाठ आणि पाय नीट बघायला हवेत.

त्या रिपोर्टने घाबरू नका. त्या लांबलचक नावाचा अर्थ एवढाच, की एस-१ मणक्याची, म्हणजे कमरेच्या खाली त्रिकास्थीतल्या पहिल्या मणक्याची, मागची कमान जुळलेली नाही. या वयात पुष्कळ मुलांची ती जुळलेली नसते. काहींची मोठेपणीही जुळत नाही आणि त्यांचं काही अडत नाही. उद्या तुमचा एक्स-रे काढला तर तुमच्यातही ती फट सापडू शकेल. नुसत्या रात्रीच्या शूसाठी मी एक्स-रे सांगतच नाही. हाती काही लागत नाही, घरात घबराट तेवढी होते.

एमआरआयमध्ये आम्ही शोधतो तो खाली अडकलेला मज्जारज्जू. त्याचं टोक साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतं. चरबीच्या गाठीने किंवा जाड तंतूने ते खाली धरून ठेवलं असेल, तर मूल वाढेल तशी ओढ बसते आणि मूत्राशय, आतडं, पाय यांच्या नसा दुखावतात. अशा मुलाच्या अंगावर बहुतेक वेळा खूण असते, पण ती दिसायला चड्डी खाली करावी लागते. जाड जाड फायली घेऊन पालक येतात. सोनोग्राफी असते, रक्त-लघवीचे रिपोर्ट असतात, आणि पाठ पाहिल्याची एक ओळही नसते! कमरेवर केसांचा पुंजका, मऊ गाठ, लाल डाग, ढुंगणाच्या फटीच्या बऱ्याच वर खळगा, किंवा ती फटच वरच्या टोकाला वाकडी, हे बघायचं. मग पाय. एक पाऊल दुसऱ्याहून लहान आहे का, तळव्याची कमान फार उंच आहे का. मी रोजच्या वापरातली चप्पल उलटी करून बघते. एकीची टाच भलतीच झिजलेली असेल तर मुलाला पुन्हा चालायला लावते.

अशी खूण असेल, तर एमआरआय लांबवू नये. दिवसाही थेंब थेंब गळणं, जोर लावून शू करणं, पाय दुखणं किंवा चाल बदलणं, सोनोग्राफीत मूत्राशयाची भिंत जाड दिसणं किंवा शू केल्यावरही बरीच लघवी शिल्लक राहणं, नीट उपचार करूनही दिवसाचा त्रास न हटणं, यांतही मणक्याचा विचार करावाच लागतो. तान्ह्या बाळाची गोष्ट निराळी. पहिल्या तीनेक महिन्यांत हाडं कच्ची असल्याने साध्या सोनोग्राफीतही मज्जारज्जू दिसतो, भुलीची गरज नाही.

(एखादी मुलगी वेळच्या वेळी शू करते, तरी तिची चड्डी सतत ओलसर, असं असेल तर मणक्याआधी मूत्रपिंडाच्या नळीकडे बघा. ती कधी कधी मूत्राशयात न उघडता भलतीकडेच उघडलेली असते.)

तुमच्या मुलात मला खटकतं ते पोट. तुंबलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, आणि मग रात्रीचे उपचार लागू पडत नाहीत. डॉक्टरांना विचारून शी मऊ करणारं औषध सुरू करा, आणि ते दोन दिवसांत बंद करू नका. रोज जेवणानंतर दहा मिनिटं बसवा, पायांखाली पाट ठेवा. पाणी सकाळी-दुपारी भरपूर, संध्याकाळनंतर बेताचं. रागावू नका, तो हे मुद्दाम करत नाही. वडिलांचाही तोच इतिहास आहे, तेव्हा हे घराण्यातलं दिसतंय. पोट सुरळीत होऊनही रात्री तशाच राहिल्या, तर अलार्म (अंथरूण ओलं होऊ लागताच वाजणारा) किंवा डेस्मोप्रेसिन (रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून द्यायचं औषध) यांतलं काय घ्यायचं ते त्याला तपासून ठरवता येईल.