परफॉर्मन्स मीटर १०३ पीएस दाखवतो आणि मोबाइल ७८, मग खरा आकडा कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) नसलेली पेट्रोल हॅचबॅक आहे, शक्तीचा कंपनीचा आकडा ९० पीएस, म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती. इंजिनाचा रिमॅप, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरचा बदल, करून घेतलात, मित्राचा डॅशबोर्डवर चिकटवायचा परफॉर्मन्स मीटर लावलात, त्यानं १०३ दाखवले. त्याच गाडीत मोबाइलच्या जीपीएस अ‍ॅपनं ७८ दाखवले. गॅरेजवाले म्हणतात १३ पीएस वाढले, मित्र म्हणतो पैसे पाण्यात गेले. कोणाचं खरं?

मी चाकणच्या पट्ट्यात वीस वर्षांहून जास्त काळ गाड्यांच्या चाचण्यांचं काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं म्हणणं असं की तुमच्या हातातल्या आकड्यांवरून दोघांपैकी कोणालाच बरोबर ठरवता येत नाही. मीटर मात्र टाकाऊ नाही. त्याला चुकीचा प्रश्न विचारला गेला आहे, एवढंच.

आधी हा डबा करतो काय ते बघा. जी-टेकसारख्या जुन्या मीटरमध्ये एक अ‍ॅक्सेलरोमीटर असतो. गाडी पुढे किती जोरानं ढकलली जाते आहे, म्हणजे त्वरण, एवढंच त्याला कळतं. त्वरणाची क्षणाक्षणाला बेरीज करून तो वेग काढतो आणि वेगाची बेरीज करून अंतर. अश्वशक्तीसाठी तुम्ही टाकलेलं वजन, त्वरण आणि वेग या तिघांचा गुणाकार करतो. इंजिनाशी त्याचा काही संबंध येत नाही.

उदाहरण घेऊ. गाडी, तुम्ही आणि टाकीतलं पेट्रोल मिळून ११०० किलो धरा. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला २२.२ मीटरला, त्वरण २.० मीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर गुणाकार येतो सुमारे ४८.९ किलोवॅट. एक पीएस म्हणजे ७३५.५ वॅट, तेव्हा हे झाले ६६ पीएस. पण ही फक्त गाडीचा वेग वाढवण्यात गेलेली शक्ती. हवा कापण्यात आणि टायरच्या घर्षणात ८० च्या वेगाला अशा गाडीचे आणखी ९ पीएसच्या आसपास जातात. म्हणजे चाकांवर ७५. गिअरबॉक्स आणि ड्राइव्हशाफ्टमध्ये (चाकांपर्यंत शक्ती नेणाऱ्या दांड्यांमध्ये) साधारण १५ टक्के घट धरली तर इंजिनाशी ८८. कंपनीचा ९० चा आकडा असतो तो इंजिनाचा, प्रमाणित हवामानाला जुळवून घेतलेला, चाकांवरचा नव्हे.

तुमच्या मोबाइलचे ७८ हे बहुधा चाकांवरच्या शक्तीच्या जवळपासचं काहीतरी आहे आणि मीटरचे १०३ ही घट परत मिळवून इंजिनाशी काढलेले आहेत. मीटरच्या मेनूत घटीची टक्केवारी आणि हवेच्या रोधाचा आकडा काय भरला आहे ते आधी बघा. दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करून बसलो तर भांडण मिटायचं नाही.

आता या मीटरचं सगळ्यात मोठं दुखणं सांगतो. जोरात निघालं की गाडीचं नाक उचललं जातं आणि मागची बाजू खाली बसते. गाडीत चिकटवलेला मीटरही तेवढाच मागे कलतो. कलला की गुरुत्वाकर्षणाचा एक अंश त्याच्या पुढच्या दिशेत मिसळतो आणि तो त्यालाही त्वरणच समजतो. एक अंशाचा कल म्हणजे ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं खोटं त्वरण. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ही चूक दर सेकंदाला वेगात साठत जाते. १२ सेकंदांच्या धावेत ती ताशी सात किलोमीटरच्या पुढे जाते. वरच्याच उदाहरणात आठव्या सेकंदाला ८० गाठलं असं धरून गणित केलं तर २.० चं २.१७ होतं, वेग २२.२ चा २३.६ होतो आणि ६६ पीएसचे ७६ होतात. त्यात हवेचे ९ मिळवा, १५ टक्के घट धरा, येतात १०१. रिमॅप न करता! साध्या गाडीचा कल अर्धा ते एक अंश असतो, तेव्हा चूक याच्या निम्मी असू शकते. पण तुमच्या १०३ मधले किती यातून आले हे तपासल्याशिवाय गॅरेजला श्रेय देऊ नका. काही मीटरमध्ये कल भरून काढायची सोय असते, ती शून्यावर सोडलेली असते आणि कोणी बघत नाही.

जीपीएसमध्ये हे दुखणं नाही, कारण तो वेग थेट मोजतो आणि उघड्या आभाळाखाली चांगला मोजतो. पण मोबाइलमध्ये बहुतेक वेळा सेकंदाला एकदाच वेग मिळतो आणि अ‍ॅप तो गुळगुळीत करून दाखवतं, त्यामुळे टोकाची शक्ती दबून जाते. सेकंदाला दहा वेळा मोजणारे वेगळे जीपीएस मीटर मिळतात, ड्रॅगीसारखे, ते या कामाला जास्त बरे. गाडीचा स्पीडोमीटर आणि स्टॉपवॉच मात्र वापरू नका. स्पीडोमीटर कमी वेग दाखवता कामा नये असा नियम आहे, म्हणून तो मुद्दाम थोडा जास्तच दाखवतो. काटा १०० वर आला तेव्हा गाडी खऱ्या १०० ला पोचलेली नसते.

रस्त्याचा मुद्दा पुण्यात फार महत्त्वाचा आहे, कारण इथे सपाट रस्ता शोधावा लागतो. एक टक्का उतार, म्हणजे शंभर मीटरला एक मीटर, डोळ्याला दिसत नाही. ११०० किलोच्या गाडीला ८० च्या वेगाला तो ३ पीएस फुकट देतो. काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीतल्या एकाला एका ट्यूनरनं (रिमॅप करून देणाऱ्यानं) असेच १८ पीएस वाढवून दाखवले होते. मी सोबत बसून तपासलं. आधीची धाव टाकी फुल्ल, दोन माणसं आणि किंचित चढावर, नंतरची धाव एकटा ड्रायव्हर आणि तोच रस्ता उलट्या दिशेनं. मीटरमध्ये वजन दोन्ही वेळा तेच. ट्यूनर लबाड होता असं मला आजही वाटत नाही, त्याला स्वतःलाच हे लक्षात आलं नव्हतं. आम्ही दोन्ही दिशांना तीन-तीन धावा घेतल्या तेव्हा १८ चे ४ उरले. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो. पैशापेक्षा त्याला गाडीत जाणवलेला फरक खोटा ठरल्याचं वाईट वाटलं होतं.

आणि कृपा करून हे प्रयोग कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर करू नका. मुलं तिथे ‘टॉप स्पीड’ काढतात असं ऐकतो तेव्हा पोटात गोळा येतो. त्या उतारावर किती गाड्या एकमेकींवर आदळल्या, किती घरं उद्ध्वस्त झाली हे पुण्यात कोणाला सांगायला नको. परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हाही आहे. शून्य ते शंभर बघायचंच असेल तर बंद जागेवर, आयोजकांच्या देखरेखीखाली बघा. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसिंग (सरळ रेषेतली छोटी शर्यत) झालेलं आहे, तसे कार्यक्रम होतात का त्यावर लक्ष ठेवा.

तुमच्या प्रश्नाला शून्य ते शंभरची गरजही नाही. सुटताना क्लच कसा सोडला, चाकं किती फिरली, मीटरनं पहिला एक फूट वगळला की नाही (अमेरिकन ड्रॅगच्या पद्धतीत वगळतात, त्यानं पाव सेकंदाच्या आसपास फरक पडतो), हे सगळं त्यात घुसतं. त्यापेक्षा ८० ची मुभा असलेल्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० ला किती वेळ लागतो तेवढं मोजा. सोबत कोणाला तरी घ्या, मीटरकडे त्यानं बघायचं, तुम्ही रस्त्याकडे. तुमच्यासारख्या गाडीला पाच सेकंदांच्या आत-बाहेर लागतील. इथे ०.२ सेकंद म्हणजे चार टक्के शक्ती, हे ध्यानात ठेवा. सेकंदाला एकदा मोजणाऱ्या मोबाइलला तो फरक दिसणारच नाही. पण १३ पीएस खरोखर वाढले असतील तर अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक पडायला हवा, आणि तो लपत नाही.

वजन आरसी बुकातलं टाकू नका, ते रिकाम्या गाडीचं असतं. मार्केट यार्डकडे ट्रकचे वजनकाटे आहेत, तिथे तुम्ही आत बसलेले असतानाच गाडीचं वजन करून घ्या. टायरमधली हवा गाडी थंड असताना सारखी करा, एसी बंद ठेवा, दोन्ही वेळा पेट्रोल तेवढंच. मीटर घट्ट बसवा. उन्हात रबरी चकतीची पकड सुटते आणि मीटर थरथरू लागतो. तो सरळ बसला का हे बघायला गवंड्याची छोटी पाणसळ फार कामाची आहे.

हवामानही सारखं हवं. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाला इथे मुळातच सहा-साडेसहा टक्के कमी दाबाची हवा मिळते. त्यावर मे महिन्यातल्या ३८ अंशांची हवा जानेवारीच्या पहाटेच्या १५ अंशांपेक्षा सात टक्क्यांहून जास्त विरळ असते. रिमॅपच्या आधीची धाव दुपारी आणि नंतरची पहाटे घेतली तर नुसत्या गारव्यानंच गाडी ‘सुधारलेली’ दिसेल.

हवेचा रोध अंदाजानं भरण्याऐवजी तुमच्याच गाडीकडून काढता येतो. मागे कोणी नसताना ८० पेक्षा थोड्या जास्त वेगावर न्यूट्रलला सोडा आणि ८० वरून ७० यायला लागलेला वेळ बघा. १० सेकंद लागले तर ११०० किलोसाठी रोध सुमारे ३०५ न्यूटन, म्हणजे ७५ च्या वेगाला ८.६ पीएस. हेही जाताना आणि येताना करायचं आणि सरासरी घ्यायची.

आता रिमॅपबद्दल. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात नुसत्या सॉफ्टवेअरनं १३ पीएस मिळणं मला अवघड वाटतं, कारण सिलिंडरमध्ये जाणारी हवा तेवढीच राहते. टर्बो असता तर गोष्ट वेगळी होती. थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, प्रतिसाद तिखट केला की अर्ध्या पेडलवर पिकअप वाढल्यासारखा वाटतो, तो अनुभव खोटा नसतो, पण पूर्ण पेडलवर शक्ती तेवढीच असते. बहुतेक ट्यूनर मूळ फाइल जपून ठेवतात. तुमच्या गॅरेजला ती एका आठवड्यासाठी परत टाकून द्यायला सांगा. जुन्या फाइलवर तीन धावा जाताना, तीन येताना, मग नव्या फाइलवर तशाच सहा, त्याच रस्त्यावर, त्याच सुमारास. १०३ आणि ७८ दोन्ही विसरून जा आणि फक्त सेकंद लिहून काढा. ते बारा आकडे, वजनकाट्याची चिठ्ठी आणि न्यूट्रलचे सेकंद इथे खाली टाकलेत तर गणित मी करून देईन.