कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी विश्वासू माणूस: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक असून सांगलीत एकटा राहतो. लॅपटॉप फार मंद झाला आहे. घरी येणारा मुलगा दर खेपेस ‘फॉरमॅट मारावा लागेल’, म्हणजे सगळे पुसून विंडोज नव्याने टाकावे लागेल, असे सांगून पैसे घेतो. दुसरा माणूस कसा शोधावा?

उत्तर: दर खेपेस एकच औषध देणारा डॉक्टर आपण बदलतो, तसा हाही बदलावा. लॅपटॉप रेंगाळू लागला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. उघडणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये, विशेष काही चालू नसतानाही, ‘डिस्क’खालचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांपाशी अडकून राहत असेल आणि आत जुनी, फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर फॉरमॅटचा गुण चार दिवस टिकतो, खरा फरक एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवल्यावर पडतो. नव्या माणसाला हाच आकडा दाखवून कारण विचारा. जाणकार माणूस ते साध्या मराठीत सांगतो, आधी डिस्कची प्रकृती तपासतो आणि कशालाही हात लावण्यापूर्वी ‘बॅकअप घेतला आहे का?’, म्हणजे फायलींची प्रत दुसरीकडे आहे का, असे विचारतो. हा प्रश्न न विचारणाऱ्याच्या हाती लॅपटॉप देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. माझ्या परिचयातील एका बाईंच्या मुलांचे लहानपणीचे सगळे फोटो डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये होते आणि न विचारता मारलेल्या फॉरमॅटमध्ये ते गेले.

माणूस शोधताना जाहिराती पाहण्यापेक्षा, ज्यांचे पोट कॉम्प्युटरवर चालते त्यांना विचारा: कर सल्लागार, डीटीपीचे दुकान, शाळेचे कार्यालय. पहिल्यांदा प्रिंटर जोडण्यासारखे किरकोळ काम द्या. मोठ्या कामाचा खर्च आधी लिहून घ्या, काढलेला जुना भाग परत मागा आणि नव्या भागाचा सिरियल नंबर बिलावर घालायला सांगा. ‘विंडोज फुकटात ॲक्टिव्हेट करून देतो’ म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा, कारण अशा क्रॅकबरोबर (परवाना चुकवणाऱ्या चोरट्या प्रोग्रॅमबरोबर) व्हायरस येण्याचा धोका मोठा असतो.

प्रश्न: दुकानात लॅपटॉप ठेवताना पासवर्ड लिहून मागतात. द्यावा का?

उत्तर: स्क्रीन, बॅटरी किंवा कीबोर्ड बदलण्यासाठी पासवर्ड लागत नाही. विंडोजमधील बिघाड असेल तर शक्यतो समोर बसून काम करून घ्या आणि पासवर्ड स्वतः टाका. लॅपटॉप ठेवावाच लागला, तर त्यापूर्वी ब्राउझरमधील ईमेलमधून लॉग आउट करा, तिथे साठवलेले पासवर्ड काढून टाका आणि घरी परतताच विंडोजचा पासवर्ड बदला. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क अनेकदा एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, असते; मदरबोर्ड (आतील मुख्य सर्किट) बदलल्यास ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे आधीच पाहून कागदावर उतरवून घरी ठेवा.

प्रश्न: स्क्रीनवर भोंगा वाजू लागला आणि ‘मायक्रोसॉफ्ट’चा म्हणून एक नंबर दिसला. वडिलांनी फोन केला, समोरच्याने एनीडेस्क (दुरून लॅपटॉपचा ताबा देणारे ॲप) घ्यायला लावले आणि नेट बँकिंगही उघडायला लावले. आता काय करावे?

उत्तर: लॅपटॉपचे इंटरनेट आत्ताच्या आत्ता बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवा आणि लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी रोखले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते, म्हणून वडिलांना बोल लावण्यात वेळ घालवू नका. त्यानंतर ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. लॅपटॉपबद्दल विचाराल तर, कागदपत्रांची प्रत काढून इथे फॉरमॅट मारणेच योग्य, आणि तेही ओळखीच्या माणसाकडून.

प्रश्न: मी जर्मनीत असते, आई-बाबा नाशिकला. दुरून मदत करता येईल का?

उत्तर: येईल. विंडोजमधील ‘क्विक असिस्ट’ हे दुरून मदत करण्याचे ॲप वापरा. त्यातील कोड तुम्ही फोनवर सांगायचा, आईने तो टाकायचा आणि ताबा देण्याची परवानगीही तिनेच द्यायची. एक नियम मात्र घरात पक्का करा: असा कोड सांगणारा फोन आला, तर तो ठेवून आईने स्वतः तुमच्या नंबरवर फोन लावायचा आणि तुमचा आवाज ऐकल्यावरच कोड टाकायचा.