आधी आकार, मग चेहरा

ब्राँझचा बुद्ध करायचाय म्हणून लगेच मिटलेले डोळे आणि मंद स्मित घडवायला बसू नकोस. तसले पुतळे ढिगाने आहेत, खरं सांगायचं तर कंटाळा येतो. आधी तैवानचा शिल्पकार ली चेन याची कामं बघ. २०१३ मध्ये पॅरिसच्या प्लास व्हाँदोम चौकात त्याचे काळे, गुबगुबीत ब्राँझचे पुतळे मांडले होते. इतकं वजन, तरी तरंगल्यासारखे! बौद्ध आणि ताओ विचार तिथे कमळं-चक्रं लावून येत नाही, फुगीर आकारातूनच येतो.

पण गुळगुळीत गोलाई फार छळते. ओतकामात आधी पुतळा पोकळ मेणात करतात आणि मेण वितळवून त्याच्या जागी धातू ओततात; म्हणून मेणाचा थर सगळीकडे सारखा ठेव, लहान कामाला ४-५ मिलिमीटर. जिथे जाड होईल तिथे धातू उशिरा थिजतो, आकसतो आणि खड्डा पडतो. ओतलेल्या तुकड्यांचा जोड घासून झाला की पॅटिना, म्हणजे धातूवरचा रसायनांचा रंग, चढवण्याआधी तिरक्या उजेडात बघ. हाताला न लागणारी लाट तिथे दिसते.

इतकी सफाई झेपणार नसेल तर तैवानचाच शिल्पकार जू मिंग बघ. तो स्वतः ताईची, म्हणजे संथ हालचालींची चिनी युद्धकला, शिकला आणि त्यावरच्या मालिकेत थर्मोकोल कापून काढलेले खडबडीत आकार तसेच ब्राँझमध्ये ओतले. मला तर तोच जास्त आवडतो.

पहिलं काम वीतभरच कर. ब्राँझ महाग आहे रे.