प्रयोगशाळेतील रसायनांच्या कपाटाची किल्ली नववीच्या जबाबदार विद्यार्थ्याकडे का देत नाहीत?

किल्ली न देणेच योग्य आहे, कारण या कपाटातील धोका जबाबदारीच्या जाणिवेने टळणारा नसून रसायनांच्या गुणधर्मांतच असतो. विज्ञान शिकवताना हे कपाट लावण्याचे काम माझ्याकडे असते, त्या अनुभवावरून सांगतो की, एकेका बाटलीपेक्षा चुकीच्या शेजाराचीच भीती अधिक. पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळट स्फटिकांवर ग्लिसरिनचे थेंब सांडले, तर काही वेळाने ते मिश्रण काडी न लावताही पेट घेते. रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला सोडियमचा तुकडा कुतूहलापोटी बाहेर काढून ओल्या बेसिनमध्ये टाकला, तर निघालेला हायड्रोजन तिथेच पेटू शकतो. म्हणून बाटल्या वर्णानुक्रमाने न लावता गुणधर्मांनुसार लावतात आणि संहत आम्ले सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवतात, जेणेकरून बाटली निसटलीच तर ती कोणाच्या चेहऱ्यावर येणार नाही. कोणी पाहायला घेतलेली बाटली भलत्याच जागी ठेवली, तर पुढच्या माणसाला ते कळेलच असे नाही, त्यातून आम्लाच्या वाफांनी लेबले करपलेली असतात हा आणखी एक ताप. मात्र हे बंधन रसायनांपुरतेच असावे: भिंगे, चुंबक, लोलक आणि तक्तेही त्याच कुलपात कोंडणे हा निव्वळ शाळेचा आळस आहे, आणि प्रथमोपचार पेटी तर कधीही कुलपाआड असू नये.