थंड इंजिन कधी कधीच अडतं: पंप बदलण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्युएल इंजेक्शनची पेट्रोल गाडी. आठवड्यातून दोन-तीन सकाळी सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण इंजिन पकडत नाही. तिसऱ्यांदा चावी फिरवल्यावर सुरू होते आणि मग दिवसभर काही त्रास नाही. बॅटरी आणि प्लग बदलून झाले. गॅरेजमध्ये नेली की गाडी ठणठणीत. आता फ्युएल पंप बदलायला सांगितलंय, बदलू का?

इतक्यात नको. पंपाचा दोष असेलही, पण तो अजून सिद्ध झालेला नाही, आणि एकही नट न उघडता घरीच त्याची परीक्षा घेता येते.

गॅरेजमध्ये काही सापडत नाही याचं कारण साधं आहे. गाडी तिथे पोचेपर्यंत इंजिन गरम झालेलं असतं. एकदा सुरू झाली की सगळा पुरावा पुसला जातो. म्हणून तपासणी तुमच्या दारातच व्हायला हवी, आणि तीही पहिली चावी फिरवायच्या आधी.

आजपासून डॅशबोर्डवर एक छोटी वही ठेवा. गाडी किती तास उभी होती, हवा किती थंड होती, दव किंवा पाऊस होता का, टाकीत पेट्रोल किती, कितव्या प्रयत्नाला सुरू झाली, सुरू झाल्यावर थरथरली का, धूर कसा होता, एवढं रोज लिहा. सुरळीत सुरू झाली त्या दिवशीही लिहा. फरक तिथूनच कळतो. एक गोष्ट मुद्दाम करून बघा: भर दुपारच्या उकाड्यात गाडी आठ-नऊ तास उभी ठेवून मग सुरू करा. तेव्हाही अडली तर दोष थंडीचा नाही, नुसतं उभं राहण्याचा आहे. या दोन्हींची कारणं अगदी वेगळी असतात आणि बहुतेक जण इथेच चुकतात.

बॅटरीवर फार वेळ घालवू नका, पण आकडा एकदा बघाच. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटरने १२.६ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. सेल्फ फिरत असताना ते साडेनऊच्या खाली गेले तर बॅटरी नवी असूनही टर्मिनल किंवा अर्थिंगची केबल संशयित. सेल्फ फिरत राहतो, पण इंजिनच्या कॉम्प्युटरला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही, असंही होतं.

आता मुख्य परीक्षा. तुमच्या वर्णनातलं ‘तिसऱ्यांदा’ मला महत्त्वाचं वाटतं. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत चावी ‘ऑन’ केली की पंप साधारण दोन सेकंद चालून पेट्रोलच्या लाइनमध्ये दाब भरतो आणि थांबतो. मागच्या सीटकडून येणारी बारीक गुणगुण शांततेत ऐकू येते. म्हणजे तुमचा प्रत्येक प्रयत्न नकळत थोडा दाब भरतोय. सकाळी सेल्फ न मारता चावी ऑन करा, गुणगुण थांबू द्या, ऑफ करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. आठवडाभर रोज असं केल्यावर गाडी दर वेळी लगेच पकडत असेल, तर रात्रीत लाइनमधला दाब उतरतोय. तो दोन वाटांनी उतरू शकतो. पेट्रोल मागे जाऊ न देणारा पंपातला व्हॉल्व्ह गळत असेल तर गाडी उशिरा पण स्वच्छ सुरू होते. इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर ठिबकत असेल तर पेट्रोलचा वास येतो, इंजिन थरथरतं, काळा धूर निघतो. दुसऱ्या बाबतीत पंप बदलून काहीच साधणार नाही.

दाब न भरता दुसरी परीक्षा घ्या: ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि सेल्फ मारा. बऱ्याच गाड्यांत या स्थितीत इंजेक्टर बंद राहतात आणि फक्त हवा आत जाते. अशाने सुरू झाली तर इंजिनात पेट्रोल जास्त होतंय. पकडताच पाय लगेच उचला.

पेट्रोल जास्त होण्याचं एक कारण मी स्वतः फार उशिरा ओळखलं. माझी गाडीही अशीच अडायची. प्लग बदलले, इंजेक्टर साफ करून घेतले. शेवटी एका सकाळी, गाडी अडायच्या आधीच, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर लावून नुसती चावी ऑन केली. आत येणाऱ्या हवेचं तापमान १४ अंश, आणि कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, उणे २१! रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही आकडे जवळपास सारखे असायला हवेत. कूलंट सेन्सरचा कनेक्टर बोटाने हलवला, तर आकडा टुणकन १५ वर आला. कनेक्टर काढला तेव्हा एका पिनवर हिरवट-पांढरी पूड बसलेली दिसली. या सेन्सरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, थंडीत वाढतो. पिनवरच्या पुडीने आणखी रोध घातला की कॉम्प्युटरला वाटायचं, कडाक्याची थंडी आहे, आणि तो भरमसाट पेट्रोल सोडायचा. पिन साफ केल्यावर त्रास संपला. स्कॅनरवर दोषाचा कोड एकदाही आला नव्हता, म्हणून ‘स्कॅनमध्ये काही नाही’ एवढ्यावर थांबू नका, चालू आकडे वाचा.

स्कॅनर असेलच तर सेल्फ फिरताना आरपीएमही बघा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य असेल तर इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर बघावी लागेल.

हे सगळं मोकळ्या हवेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून करा. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. पेट्रोलची लाइन घरी उघडू नका, तिच्यात दाब असतो.

दोन आठवड्यांची वही आणि अडलेल्या एका तरी सकाळचे कूलंट व हवेचे आकडे इथे लिहा. तीनदा चावी ऑन करून लगेच पकडते की नाही, तेही कळवा. त्यावरून पंपाचं ठरवता येईल.