बीटचा गोळा तपकिरी झाला तेव्हा

"माझा मुलगा चार वर्षांचा आहे, पण रंग, माती, भिजवलेले पीठ, कशालाच हात लावत नाही. बोटाला जरा काही चिकटले की रडून घर डोक्यावर घेतो. हे काही गंभीर तर नाही ना?" लहान मुलांचे पालक हा प्रश्न थोड्याफार फरकाने मला नेहमी विचारतात. येथे ज्या आईविषयी लिहीत आहे, तिची आणि तिच्या मुलाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

असा प्रश्न आला की मी आधी मुलाच्या बाकीच्या दिवसाविषयी विचारते. हाक मारल्यावर तो वळून पाहतो का, हवी असलेली वस्तू बोटाने दाखवतो का, वयाच्या मानाने बोलतो का, आधी येत असलेली एखादी गोष्ट अलीकडे विसरला आहे का, मोजक्याच दोन-तीन प्रकारांच्या पलीकडे काही खातच नाही असे आहे का, आणि कपडे घालणे, केस विंचरणे यांसारख्या रोजच्या गोष्टीही स्पर्शाच्या त्रासामुळे अडून राहतात का. यांपैकी काही आढळले, तर मी घरगुती उपाय सुचवत बसत नाही. बालरोगतज्ज्ञांकडे आणि गरजेनुसार ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजच्या हालचाली आणि स्पर्शाच्या अडचणींवर काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे) पाठवते. या मुलाच्या बाबतीत तसे काहीच नव्हते. तो भरपूर बोलत होता, इतर मुलांत मिसळत होता, जेवणाच्याही फारशा तक्रारी नव्हत्या. अडचण फक्त ओल्या आणि चिकट वस्तूंची होती.

पहिल्याच भेटीत माझे लक्ष मुलापेक्षा आईच्या हातातील ओल्या रुमालाकडे अधिक गेले. त्याने खडूने कागदावर चार रेघा ओढल्या, तेवढ्यात तिने त्याची बोटे दोनदा पुसली. मी टोकले नाही, कारण अशा सवयींमागे बहुतेक वेळा काहीतरी घडलेले असते. ते पुढच्या भेटीत समजले: दहा महिन्यांचा असताना मुलाला जुलाब होऊन रुग्णालयात ठेवावे लागले होते, आणि तेव्हापासून जमिनीवरचे काहीही त्याच्या तोंडात जाऊ नये म्हणून ती सतत त्याचे हात पुसत आली होती. तिची भीती निराधार नव्हती. पण हाताला काही लागणे म्हणजे संकट, एवढाच अर्थ मुलाने त्यातून घेतला होता.

तिसऱ्या भेटीला ती हिरमुसून आली. मुलांच्या खेळण्याच्या विकतच्या क्लेमधील (मळून आकार देण्याच्या मऊ गोळ्यातील) रंगांवर विश्वास न बसल्याने तिने मुलासाठी घरीच पीठ, मीठ, तेल आणि बीटचा रस एकत्र करून मंद आचेवर गोळा शिजवला होता. सुंदर गुलाबी रंगाची तिची अपेक्षा होती. हाती आला मातकट तपकिरी गोळा. मुलाने तो पाहून तोंड फिरवले आणि तिने तो रागाने टाकून दिला. "साधा गोळासुद्धा मला जमत नाही," असे ती म्हणाली, आणि या वाक्यावर आम्ही जवळजवळ अर्धा तास बोललो, कारण क्लेपेक्षा मोठे काहीतरी त्यात होते. मुलाने हात लावला नाही तर आपण नापास झालो, असे तिला वाटत होते, आणि ते दडपण त्या गोळ्याबरोबर मुलासमोर ठेवले जात होते.

तपकिरी रंगाचे कारण मात्र अगदी साधे होते. बीटचा लाल रंग उष्णता सहन करत नाही. शिजवताना तो उडतो आणि मागे पिवळट-तपकिरी छटा उरते. म्हणून मी तिला क्रम बदलायला सांगितले. 2 वाट्या मैदा, 1 वाटी मीठ, 2 चमचे तेल आणि पावणेदोन वाट्या पाणी एवढेच मंद आचेवर ढवळत शिजवायचे, भांड्याच्या कडा सोडून गोळा झाला की उतरवायचे आणि कोमट झाल्यावर त्याचे भाग करून प्रत्येकात वेगळा रंग मळायचा. बीटचा घट्ट रस या वेळी घातला आणि सोबत थोडा लिंबाचा रस मळला, तर गुलाबी रंग बराच टिकतो. हळदीची चिमूटभर पूड पुरते. पालकाच्या भाजीच्या रसात मात्र लिंबू घालायचे नाही, कारण आंबटपणाने त्याचा हिरवा रंग शेवाळी होतो. जांभळ्या कोबीचे पाणी तर मुलांसाठी जादूच असते: लिंबाने ते गुलाबी होते, खाण्याच्या सोड्याने निळे-हिरवे.

एक गोष्ट मी प्रत्येक पालकाला सांगते, तशी तिलाही सांगितली. रंग भाजीचा असला म्हणजे गोळा खाण्याजोगा होत नाही. त्यात इतके मीठ असते की लहान मुलाने, किंवा घरातील कुत्र्याने, त्याचा मोठा तुकडा गिळला तर ते धोक्याचे ठरू शकते. कच्च्या पिठात जंतू असू शकतात, म्हणूनही मी न शिजवलेल्या गोळ्यापेक्षा शिजवलेला पसंत करते. मुलाला गव्हाची ॲलर्जी असेल तर मैदा वापरायचा नाही, आणि बोटाला चीर किंवा जखम असेल त्या दिवशी हा खेळ टाळायचा, कारण मीठ झोंबते. भाजीचा रस असल्याने गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवावा आणि वास बदलला किंवा बुरशी दिसली की टाकून द्यावा.

एवढे ऐकल्यावर तिचा चेहरा उलट सैल झाला. मला वाटते, सगळेच धोकादायक आहे असे मानणाऱ्या माणसाला नेमके काय धोकादायक आहे हे सांगितले, तर बाकीच्या गोष्टींची भीती सोडणे सोपे जाते.

मुलासाठी आम्ही एकच नियम ठरवला: हात लावायला कोणी सांगायचे नाही. त्याने फक्त ओतायचे आणि चमच्याने ढवळायचे; गॅसजवळचे काम आईचे. टेबलावर पाण्याचा एक वाडगा ठेवायचा, म्हणजे हवे तेव्हा तो स्वतः हात बुडवू शकेल. रुमाल मात्र आईच्या हातात नाही, खुर्चीच्या पाठीवर. तिला ही शेवटची अट सर्वांत अवघड गेली.

पहिले दोन आठवडे तो फक्त लांबून चमचा चालवत राहिला. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी जांभळ्या कोबीचे पाणी दोन बशांत घेतले. एका बशीत सोडा टाकताना काही कण काठावर सांडले, ते पाण्यात लोटायला चमचा जवळ नव्हता, म्हणून त्याने बोटानेच लोटले आणि बोटाभोवती निळा ढग पसरलेला पाहून दुसरे बोटही बुडवले. आईने मला हे सांगितले तेव्हा मी विचारले, तुम्ही काय केलेत? "दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले," ती म्हणाली. मला तिचे फार कौतुक वाटले.

पाण्यातून गोळ्याकडे यायला आणखी महिना लागला. आधी गोळा पिशवीत बंद करून बाहेरून दाबणे, मग लाटणे फिरवणे, मग बोटाच्या टोकाने खळगा पाडणे. एकदा त्याने मुद्दाम बीटचा गोळा शिजवायला लावला, तो तपकिरी होताना पाहायचा होता म्हणून. हळदीच्या गोळ्यात सोडा मिसळला की तो लालसर होतो, हा शोध त्याचाच. माझ्या टेबलावर त्याचा डाग अजून आहे.

शेवटच्या भेटीपर्यंत हात धुण्याची घाई पूर्ण गेलेली नव्हती. दर चार-पाच मिनिटांनी तो वाडग्यात बोटे बुडवत होता, झटकत होता आणि पुन्हा गोळ्याकडे वळत होता. रुमाल खुर्चीच्या पाठीवर कोरडाच होता.