मॅग्नेशियमच्या कडा का फाटतात?

प्रश्न : अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी एझेड३१ या मॅग्नेशियम मिश्रधातूची ६ मिमी जाड पट्टी ३५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत तापवून रोलिंग करतो, म्हणजे दोन रोलांमधून दाबून पातळ करतो. पहिला पास (रोलांमधली एक फेरी) नीट जातो, तिसऱ्यापर्यंत कडा फाटतात. माल खराब असेल का?

उत्तर : मालाला दोष देण्याआधी एक सांगा, रोलमध्ये शिरताना पट्टी किती गरम असते ते मोजलंत का? मीही सुरुवातीला भट्टीच्या आकड्यावरच विसंबून होतो. मग पट्टीला बारीक भोक पाडून थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवलं. तिसऱ्या पासनंतर आकडा दोनशेच्या खाली! थंड पोलादी रोल उष्णता ओढून घेतात, आणि पट्टी पातळ होत जाते तशी ती आणखी झपाट्याने निवते. कडा सर्वांत आधी निवतात, शिवाय त्यांना बाजूने आधार नसतो.

मॅग्नेशियमची स्फटिकरचना षट्कोनी. थंड असताना त्यातले अणूंचे थर जवळजवळ एकाच पातळीवर सहज घसरतात. रोलिंगमध्ये ही पातळी पत्र्याला समांतर आडवी होत जाते, मग जाडीच्या दिशेने दबायला वाव उरत नाही आणि धातू तडकतो. साधारण २२५ अंशांच्या वर इतर पातळ्याही घसरू लागतात.

म्हणून प्रत्येक पासनंतर पट्टी पुन्हा भट्टीत ठेवा, पण गरजेपुरतीच. जास्त वेळ राहिली तर धातूतले स्फटिककण आकाराने वाढतात. दर पासला जाडी १०-१५ टक्केच उतरवा. शक्य असेल तर रोलही तापवा. कडेला केसाएवढी भेग दिसली तरी ती कानशीने काढूनच पुढचा पास घ्या, नाहीतर ती आत पळते. कानशीचा भुगा लगेच गोळा करा. तो पेटला तर पाणी अजिबात मारू नका.

ताकद येते ती बारीक कणांमुळे. गरम दाबाखाली जुने कण मोडून नवे, लहान कण जन्मतात, आणि कण लहान करण्याचा फायदा मॅग्नेशियमला ॲल्युमिनियमपेक्षा बराच जास्त मिळतो. शेवटी किती मऊ करायचं, हे मात्र तुम्ही ठरवा. अर्धवट मऊ केलेल्या एच२४ पत्र्याची ताणशक्ती सुमारे २९० मेगापास्कल आणि लांबण १५ टक्के असते. पूर्ण ॲनील केला, म्हणजे तापवून पुरता मऊ केला, तर २५५ आणि २१ च्या आसपास. नमुने रोलिंगच्या दिशेने आणि आडवे, दोन्हीकडून कापा. आकडे सारखे येणार नाहीत, आणि तुमच्या अहवालात मला तो फरकच आधी बघायला आवडेल.